मुलांचं भांडण कसं सोडवावं: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

मुलं भांडली की बहुतेक घरांतला क्रम ठरलेला असतो. रडण्याचा आवाज येतो, मोठं माणूस धावत येतं, 'कोणी सुरू केलं?' विचारतं, एकाला ओरडतं, 'सॉरी म्हण आधी' असं फर्मावतं आणि परत कामाला लागतं. दोन मिनिटं शांतता, अर्ध्या तासात तेच भांडण. माफी सर्वांत शेवटी यायला हवी, ती सर्वांत आधी मागितली जाते. ऐकून घेणं आधी हवं, ते होतच नाही.

पुढची पद्धत साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे: भावंडं, सोसायटीतले सवंगडी, वर्गातली मुलं. मोठ्यांशी वागताना मूल मुख्यतः ऐकायला शिकतं. दोघांना पटेल असा नियम बनवणं, तो पाळणं, मोडला तर निस्तरणं हे त्याला बरोबरीच्या मुलांमध्येच शिकावं लागतं, कारण तिथे कुणाचाच शब्द अंतिम नसतो. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांच्या निरीक्षणांवरून हेच मांडलं होतं. आपल्याकडे पाहायचं तर 'कच्चा लिंबू' पाहा. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, हा नियम कुठल्याही मोठ्याने शिकवलेला नाही. भांडण मोठ्यांनी निकाल देऊन संपवलं की हा सराव बुडतो.

आधी तपासा: भांडण आहे की छळ?

ही पायरी चुकली तर पुढची सगळी पद्धत उलटी पडते. तीन गोष्टी पाहा: त्रास मुद्दाम दिला जातोय का, पुन्हा पुन्हा दिला जातोय का, आणि त्रास देणारा वयाने, अंगाने, संख्येने किंवा दबदब्याने वरचढ आहे का. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर तो छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवू नका. समेट म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं; छळ सोसणाऱ्याकडे सोडायला काहीच नसतं. शिवाय सगळ्यांसमोर बोलल्याचा बदला त्याच्यावर नंतर जिन्यात किंवा बसमध्ये निघतो.

अशा वेळी मुलाचं एकट्याचं ऐका. तारीख, ठिकाण, वापरलेले शब्द लिहून ठेवा. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: 'हे जिथे घडतं तिथे उद्यापासून कोण लक्ष ठेवणार?' स्वच्छतागृह, बस, मधली सुट्टी, जिना यांची नावं घेऊन विचारा. लैंगिक स्वरूपाचं काही घडलं असेल तर घरात मिटवामिटवी करू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली त्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

दोघांच्या वयात चार-पाच वर्षांचं अंतर असेल तरी खालची पद्धत जशीच्या तशी लावू नका. दहा वर्षांच्या मुलासमोर पाच वर्षांचं मूल वाटाघाटीत टिकत नाही. तिथे लहानग्याच्या बाजूने तुम्हाला शब्द पुरवावे लागतात.

तयारी: भांडण नसताना करायची कामं

घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एक गोष्ट ठरवून घ्यावी: जो आधी पोहोचेल तोच शेवटपर्यंत सोडवेल. आई ऐकून घेतेय आणि मागून आजोबा 'अगं, दे त्याला, लहान आहे तो' म्हणाले की दोन्ही मुलांना एकच धडा मिळतो: हवं ते द्यायला आणखी एक माणूस आहे. आजी-आजोबांशी हे आधी, शांतपणे, मुलं झोपल्यावर बोला. ऐन भांडणात त्यांना टोकलंत तर मुलांच्या भांडणात मोठ्यांचं भांडण मिसळतं.

नियम तीनच ठेवा. अंगाला हात लावायचा नाही. नावं ठेवायची नाहीत. एक बोलतोय तोवर दुसऱ्याने थांबायचं. सात-आठ नियम लक्षात राहत नाहीत, तुमच्याही नाहीत.

भावनांचे शब्द मुलांना रोजच्या बोलण्यातून मिळू द्या. बऱ्याच मुलांकडे 'राग आला' आणि 'रडू आलं' एवढेच दोन शब्द असतात. हिरमोड झाला, लाज वाटली, मला वगळलं, हेवा वाटला, घाबरलो हेही शब्द हवेत. गोष्ट वाचताना, मालिका बघताना 'त्याला आत्ता काय वाटलं असेल?' एवढं विचारलं तरी पुरतं.

शेवटचं काम जरा नेटाने करावं लागतं. दोन आठवडे प्रत्येक भांडणाची एक ओळ वहीत लिहा: वेळ, जागा, वस्तू. बऱ्याच घरांत उत्तर इथेच सापडतं. भांडणं संध्याकाळी शाळेतून आल्यावर, खाण्याच्या आधी होत असतील तर तो भुकेचा प्रश्न आहे आणि पोह्यांची बशी पंधरा मिनिटं आधी येणं हाच उपाय आहे. रोज एकाच टॅबवरून होत असतील तर वेळापत्रक लागेल, संस्कारवर्ग नको.

पायरी १: थांबवा

आवाज चढला म्हणून लगेच धावू नका. दोघं अजून शब्दांनी बोलतायत, कुणी घाबरलेलं नाही, अंगाला हात लागलेला नाही, अशा वेळी ऐकू येईल इतक्या अंतरावर थांबा. बरीच भांडणं तिथेच मिटतात, आणि ती मिटणं मोलाचं असतं.

हात उठला, चावा घेतला, वस्तू फेकली, की मात्र तत्काळ जा. दोघांच्या मध्ये गुडघ्यावर बसा म्हणजे तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. आवाज खालचा, वाक्य छोटं: 'थांबा. मारायचं नाही.' वस्तूवरून चाललं असेल तर ती स्वतःच्या हातात घ्या: 'आपलं ठरेपर्यंत ही बॅट माझ्याकडे राहील.' जप्त केली म्हणू नका, ती शिक्षा वाटते.

लागलेल्याकडे आधी पाहा. मारणाऱ्याला आधी ओरडलात तर सगळं लक्ष त्यालाच मिळतं आणि ज्याला लागलं तो कोपऱ्यात एकटा रडत राहतो. चाव्याची जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. कातडी फाटून रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

*इशारा:* मारणाऱ्याला शिकवण म्हणून मारू नका. 'मारायचं नाही' हे सांगण्यासाठी मारलं की त्याला कळतं एवढंच: मोठं झाल्यावर मारता येतं. शाळांमध्ये तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याने (२००९, कलम १७) बंदी आहे.

पायरी २: शांत होऊ द्या

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. रागाने थरथरणारं मूल तुमचं ऐकतंय असं दिसतं, पण त्याला त्यातलं फार काही पोहोचत नाही. या वेळात उपदेश करू नका, प्रश्न विचारू नका. पाणी द्या, जवळ बसा. पाच-सहा वर्षांच्या खालच्या मुलाला एकट्याला खोलीत पाठवू नका. त्या वयात मूल मोठ्यांच्या आधाराने शांत होतं, एकटं ठेवलं की घाबरतं. मोठ्या मुलाला एकटं राहायचं असेल तर राहू द्या, फक्त 'दहा मिनिटांनी बोलू' हे सांगून.

*तपासणी:* एक साधा प्रश्न विचारून पाहा, 'पाणी गार हवंय की साधं?' सरळ उत्तर आलं तर पुढे जा. किंचाळी आली तर अजून थांबा. पाच मिनिटंही पुरतात, कधी अर्धा तास लागतो. पाहुणे आलेत किंवा कुकरची शिट्टी होतेय म्हणून ही पायरी आटपू नका. त्यापेक्षा 'जेवण झाल्यावर बोलू' म्हणा, आणि जेवणानंतर खरंच बोला.

पायरी ३: दोघांचं ऐका

'कोणी सुरू केलं?' हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा कालच्या किंवा परवाच्या भांडणात असतं, आणि प्रश्नच असा आहे की मुलं वकिली करायला लागतात. 'का मारलंस?' हाही नको. चार वर्षांच्या मुलाला कारण सांगता येत नाही आणि दहा वर्षांचं मूल सबब बनवतं. विचारायचं एवढंच: 'काय झालं?'

ज्याला लागलंय किंवा जो जास्त दुखावलाय त्याला पहिली पाळी. दोघं सारखेच असतील तर मागच्या वेळी जो दुसरा होता तो आज पहिला. एकेकाला मिनिट-दोन मिनिटं. मग त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा: 'म्हणजे तू मनोरा रचत होतास, हा पळत आला आणि मनोरा पडला. बरोबर?' त्याने मान डोलावली की दुसऱ्याकडे वळा आणि त्याचंही तसंच परत सांगा.

दोघांची हकीकत जुळणार नाही. जुळवू नका. 'खोटं बोलू नकोस' हे वाक्य आलं की ऐकणं संपलं आणि खटला सुरू झाला. एकाच खोलीतल्या दोन मुलांना दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात हे त्यांना इथेच कळतं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते, आणि ती पक्की होते ती अशाच प्रसंगांतून. तीन वर्षांच्या मुलाकडून मात्र ती अपेक्षा ठेवू नका. त्याच्या वतीने तुम्हीच बोला.

पायरी ४: प्रश्न एका वाक्यात मांडा

आता तुमचं वाक्य: 'बॅट एक आहे आणि दोघांनाही आत्ताच हवी आहे.' या वाक्यात कुणाचं नाव नको, गुन्हेगार नको. 'हा नेहमी तुझी बॅट घेतो' हा निकाल झाला.

भांडण वस्तूवरून दिसतं आणि असतं मात्र खेळात न घेण्यावरून, हे पुष्कळदा घडतं. मुलाने 'मला घेत नाहीत' असं म्हटलं असेल तर प्रश्न बॅटचा मांडू नका, खेळात घेण्याचाच मांडा. 'कट्टी'ची भांडणं जवळजवळ सगळी याच प्रकारची.

पायरी ५: परिणाम दाखवा

नीतीची शिकवण जर कुठे होत असेल तर ती या अर्ध्या मिनिटात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्तीचे तीन प्रकार सांगितले: धाक दाखवणं, माया काढून घेणं, आणि वागण्याचा दुसऱ्यावर झालेला परिणाम समजावून सांगणं. तिसऱ्याने मुलाची सहानुभूती वाढते. धाकाने मूल तुमच्यासमोरच नीट वागतं. 'जा, मी तुझ्याशी बोलणार नाही' याने त्याचं सगळं लक्ष आपलं प्रेम परत मिळवण्यात जातं. ज्याला लागलं तो विसरला जातो.

वाक्याची रचना अशी: आधी कृती, मग दिसणारा परिणाम, मग भावना. 'तू ढकललंस. तो कठड्यावर आपटला. त्याचं कोपर सोललंय, आणि आता तो तुझ्याजवळ यायला घाबरतोय.' एवढंच. मूल त्या कोपराकडे बघू दे.

कुठे चुकतं? 'तू वाईट आहेस' असं म्हटलं की विषय कृतीवरून मुलावर जातो. कृतीबद्दलची खंत मुलाला दुरुस्तीकडे नेते. आपण वाईटच आहोत ही लाज त्याला लपायला नाहीतर उलट हल्ला करायला लावते. 'लोक काय म्हणतील', 'शेजारचे बघतायत' ही वाक्यंही तशीच: त्यांत ज्याला लागलं त्याचा उल्लेखच नाही.

दुसरी गल्लत: सगळ्या चुका एकाच आवाजात सांगणं. चप्पल घालून देवघरात जाणं हा रिवाजाचा प्रश्न, धाकट्याचा हात पिरगळणं हा इजेचा. हा फरक तीन-चार वर्षांच्या मुलांनाही कळतो. बाईंनी परवानगी दिली तरी मारणं वाईटच, असं तेही सांगतात. मानसशास्त्रज्ञ इलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. दोन्हींसाठी सारखंच ओरडलात तर हा शहाणपणा तुम्हीच पुसट करता.

पायरी ६: उपाय मुलांकडून काढा

'मग आता काय करूया?' विचारा आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मोठ्यांना ही शांतता सहन होत नाही आणि ते तिसऱ्या सेकंदाला तोडगा सांगून टाकतात.

३-४ वर्षांच्या मुलांना दोन पर्याय द्या: 'पाळीपाळीने की दोघं मिळून?' ५ ते ७ ची मुलं स्वतः सुचवतात, पण त्यांचा उपाय बहुधा काटेकोर समान वाटणीचा असतो; बिस्किटाचे तुकडेही मोजतात. चालू द्या. आठव्या-नवव्या वर्षापासून 'त्याला आज जास्त गरज आहे' हा विचार वाटणीत येऊ लागतो. ९ च्या पुढच्यांना प्रश्न मांडून द्या आणि खोलीतून बाहेर जा.

तुम्हाला विचित्र वाटणारा उपायही दोघांना मान्य असेल तर स्वीकारा. 'एक ओव्हर त्याची, मग माझ्या दोन, कारण बॉल माझा आहे' यात तुम्हाला अन्याय दिसेल. त्यांना दिसत नसेल तर करून बघू दे. न पटल्यास उद्या तेच बदलतील. गाडं अडलं तर छापा-काटा किंवा मोबाइलचा टायमर. टायमर मुलाच्या हातात द्या.

*तपासणी:* दोघांकडून वेगवेगळं 'हो' ऐका. एकाचं 'हो' जमिनीकडे बघत आलं तर विचारा, 'यात तुला काय नको वाटतंय?' गरीब स्वभावाचं मूल पटकन मान्य करतं, आणि आपण त्याला समजूतदार म्हणून शाबासकी देतो. दर वेळी तेच माघार घेत असेल तर पद्धत चालत नाहीये असं समजा.

कॅनडातल्या ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांनी ५ ते १० वर्षांच्या मुलांच्या ४८ कुटुंबांमध्ये साधारण अशीच पद्धत शिकवून पाहिली (२००७). नियम, मुद्दा, एकमेकांचं म्हणणं, उपाय असा तिथला क्रम होता. शिकलेल्या पालकांची मुलं आईवडील मध्ये नसतानाही जास्त नीट बोलून भांडण सोडवू लागली.

पायरी ७: आधी भरपाई, मग माफी

भरपाई म्हणजे मोडलेलं हातांनी दुरुस्त करणं. मनोरा पाडला तर रचू लागायचं. वहीचं पान फाडलं तर टेपने चिकटवायचं. ढकललं तर रुमालात गुंडाळलेला बर्फ आणून द्यायचा. भरपाई चुकीशी जुळणारी असावी. चित्र फाडलं म्हणून आठवडाभर टीव्ही बंद, यात दुरुस्त काहीच होत नाही. आणि दुखावलेल्याला विचारा, 'त्याने काय केलं तर तुला बरं वाटेल?' तो 'काही नको' म्हणाला तर तेही मान्य.

माफी तयार असेल तर तिच्यात तीन गोष्टी याव्यात: मी काय केलं, त्याने तुला काय झालं, पुढच्या वेळी मी काय करेन. 'मी तुझं चित्र फाडलं, तुला रडू आलं. पुढच्या वेळी राग आला तर आईला बोलवेन.' सहा वर्षांचं मूल हे म्हणू शकतं.

तयार नसेल तर बळजबरी करू नका. मान पकडून म्हणवलेलं 'सॉरी' दोघांनाही खोटं आहे हे ठाऊक असतं. म्हणणारा शिकतो की दोन अक्षरांत सुटका होते. मोठे 'चल, आता झालं ना, माफ कर' म्हणतात म्हणून ऐकणाऱ्याला स्वतःचं दुःखही गिळावं लागतं. तुम्हीच म्हणा, 'तुला लागलं याचं मला वाईट वाटतंय', भरपाई करून घ्या, माफीचा विषय तिथे सोडा. ती पुष्कळदा रात्री अंथरुणात येते.

पायरी ८: दुसऱ्या दिवशी विचारा

'काल ठरलं होतं ते चाललं का?' हा एक प्रश्न. चाललं नसेल तर पायरी ६ पुन्हा. चाललं असेल तर नेमकं बोला: 'टायमर वाजल्यावर तू स्वतःहून बॅट दिलीस.' नुसतं 'शहाणं बाळ' म्हटल्याने काय बरोबर झालं ते कळत नाही.

हमखास होणाऱ्या चुका

'तू मोठा आहेस ना, समजून घे.' हे वाक्य ज्या घरात रोज वापरलं जातं तिथे थोरल्याला कळतं की इथे न्याय वयावर ठरतो. धाकट्याला कळतं की रडलं की मिळतं. थोरला मग मोठ्यांच्या नजरेआड चिमटे काढायला लागतो, आणि आपण त्याला दुष्ट ठरवतो. थोरल्याकडून जास्त अपेक्षा असेल तर त्याला जास्त अधिकारही द्या: उशिरा झोपणं, स्वतःचं कुलूपबंद कपाट, धाकट्याने हात न लावायच्या चार वस्तू.

'चुगली करू नकोस.' चुगली आणि मदत मागणं यांतला फरक मुलाला सांगा: दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं वेगळं, कुणाला इजा होतेय म्हणून सांगणं वेगळं. सरसकट गप्प केलेलं मूल उद्या गंभीर गोष्टही सांगणार नाही.

वर्गात मॉनिटरला फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहायला लावणं. एका मुलाच्या हातात मोठ्यांची सत्ता दिली की बरोबरीचं नातं संपतं. नाव पुसण्यासाठी खोडरबर, खाऊ, गृहपाठ यांचे सौदे सुरू होतात. शिस्त हवी असेल तर ती शिक्षकांनी स्वतः सांभाळावी.

आणि घरातल्या मोठ्यांची भांडणं. मुलांसमोर वाद झाला तर मिटणंही त्यांच्यासमोर व्हावं. आवाज चढलेला मुलांनी ऐकायचा आणि समेट बंद दाराआड व्हायचा, अशाने त्यांना अर्धीच पद्धत दिसते.

भांडण शेजारच्या मुलाशी असेल तर

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्दही लिहू नका. मुलं दुसऱ्या दिवशी बट्टी करून खेळत असतात आणि दोन मजले वर्षभर बोलत नाहीत, हे बहुतेक सोसायट्यांनी पाहिलेलं आहे. दुसऱ्याच्या मुलाला एकट्याला गाठून दम देऊ नका. तुमचा राग कितीही रास्त असो, त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्यापेक्षा चौपट मोठं, अनोळखी माणूस आहात.

त्याच्या आईवडिलांना प्रत्यक्ष भेटा, मुलं नसताना. सुरुवात आपल्या मुलाच्या वाट्यापासून करा: 'ताई, काल आमच्या मुलाने बॉल लपवला, मग तुमच्याकडच्याने दगड मारला. दोघांना उद्या एकत्र बसवून बोलायचं का?' त्यांनी ऐकलं नाही तर आग्रह धरू नका. काही दिवस तुम्हीच खाली जाऊन बाकावर बसा. मोठ्यांपैकी कुणीतरी दिसत असलं तरी हात उगारायचं प्रमाण कमी होतं. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा तुमचं मूल खाली जायचंच टाळायला लागलं, झोप-जेवण बिघडलं, शाळेच्या सकाळी पोट दुखतं म्हणू लागलं, तर वरची छळाची तपासणी पुन्हा करा आणि बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.